टाकळकर सरांचा डावा तळहात

टाकळकर सर अटॅचमेंट उघडण्याआधी तिचं वजन करायचे. डावा हात टेबलाबाहेर काढायचा, तळहात वर करायचा, बोटं जराशी वाकवायची आणि पडद्याकडे पाहत पाच-दहा सेकंद तसंच बसायचं. हात अगदी थोडा खाली-वर व्हायचा. मग ते म्हणायचे, "शहाऐंशी केबी. कागद हाय. तीन पानं. शेवटच्या पानावर शिक्का." केबीचा आकडा पडद्यावर लिहिलेलाच असतो, तो कुणीही वाचेल. पुढचं मात्र कुठंही लिहिलेलं नसायचं. फाईल उघडली की तीन पानं निघायची आणि शेवटच्या पानावर शिक्का असायचा.

मी भित्री बाई नाही. बदनापूरहून रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला येणारी आणि संध्याकाळी उभ्यानं परत जाणारी बाई भित्री असून चालतच नाही. पण सरांचा तो हात पाहिला की सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. नंतर सवय झाली. त्याच्याही नंतर पुन्हा काटा यायला लागला, ते कसं ते सांगते.

आमची कंपनी बियाण्यांची. सर तिथं लागले तेव्हा कॉम्प्युटर नव्हतेच. ते प्लांटमध्ये होते, बियाण्याची प्रतवारी करायला. चाळणीखालून मूठभर बी उचलायचं, तळहातावर घ्यायचं आणि हे भरलेलं आहे की पोचट ते सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे कॉम्प्युटर आले, सरांना त्यात गती निघाली आणि साहेबांनी त्यांना कॉम्प्युटर रूममध्ये आणून बसवलं. हात मात्र प्लांटमधलाच राहिला.

ही रूमही सगळ्यांना चुकवावीशी वाटणारी. तिच्या मागच्या भिंतीला लागून नमुन्यांची शीतकोठी होती. विकलेल्या प्रत्येक लॉटमधलं थोडं थोडं बी तिथं पाकिटात घालून वर्षानुवर्षं ठेवलेलं असायचं. त्या कोठीची घरघर दिवसभर भिंतीतून यायची आणि वैशाखातसुद्धा सरांच्या खुर्चीमागची भिंत हाताला गार लागायची. जेवणाच्या सुट्टीत सर एकटेच तिथं डबा खायचे, भिंतीला पाठ लावून. मी एकदा म्हटलं, "सर, बाहेर उन्हात या की, इथं काय मढं राखत बसता." ते हसले नाहीत. म्हणाले, "बी मेलं का जितं हाय ते वरून कळत न्हाई, मॅडम. म्हणून ठेवावं लागतं."

माझं काम लेबलांचं. पोत्यावर जे लेबल लागतं, त्यावर उगवणशक्तीचा आकडा छापायचा असतो आणि तो आकडा प्रयोगशाळेच्या अहवालातून यायचा. अहवाल यायचा मेलनं. माझ्या पहिल्याच हंगामात एका दुपारी गाडी भरायला उभी, हमाल सावलीत बसलेले आणि अहवालाच्या जागी माझ्या पडद्यावर विनमेल डॉट डॅट नावाची एक फाईल. उघडता उघडेना. क्लिक केलं की मशीन विचारायचं, कशानं उघडू? मला माहीत असतं तर मी त्याला कशाला विचारलं असतं!

मी धावत सरांकडे गेले. त्यांनी हात बाहेर काढला, वजन केलं, ते शहाऐंशी केबीचं वाक्य म्हटलं आणि मग मला शांतपणे समजावून सांगितलं.

"बघा मॅडम. आपल्याकडं मेलचे तीन प्रोग्राम हायेत. साहेब लोकांकडं तो निळ्या खुणेचा, विकतचा. आपल्याकडं हा जुना, फुकटातला. अन् डीलर लोक फोनवर बघतात. तर हा निळा जो हाय ना, तो सगळं सामान आपल्याच पद्धतीनं गाठोड्यात बांधून पाठवतो. समोर निळाच बसलेला असंल तर गाठ सुटती. दुसरा कुणी असंल तर त्याला नुसतं गाठोडं दिसतं. त्याचं नाव विनमेल डॉट डॅट. सामान आत बराबर असतं. कुठंच गेलेलं नसतं."

खिशातून त्यांनी एक पेन ड्राइव्ह काढला. त्यात गाठ सोडायचा एक छोटा प्रोग्राम होता. अर्ध्या मिनिटात माझा अहवाल बाहेर आला. मग त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला आणि पलीकडच्या बाईंना पंधरा मिनिटं न कंटाळता सांगत बसले: सेटिंगमध्ये जा, तिथं रिच टेक्स्ट असं लिहिलंय ते काढा, साधा मजकूर करा, आता आमचा पत्ता जो आपोआप उमटतो तो खोडा, नव्यानं पूर्ण टाईप करा, न्हाईतर जुनी सवय तो विसरत न्हाई. त्या बाई बहुधा वैतागल्या असाव्यात. सर वैतागले नाहीत.

हे सगळं पाहताना माझी नजर त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेली आणि मला हसूच फुटलं. तिथं एक पिवळी पडलेली नोटीस होती. 'विनमेल डॉट डॅट या नावाची अटॅचमेंट कोणीही उघडू नये. व्हायरस असण्याची शक्यता आहे. त्वरित काढून टाकावी.' खाली सही, दि. टाकळकर.

"सर, ही तर तुमचीच नोटीस!"

"हो. माझीच."

"मग काढा की आता."

"राहू द्या," ते म्हणाले.

पुढे भिंती रंगवायला माणसं आली तेव्हाही त्यांनी ती काढू दिली नाही. रंगाऱ्यांना तिच्या भोवतीनं ब्रश फिरवायला लावला. नव्या पोपटी भिंतीवर जुन्या रंगाचा तो चौकोन तसाच राहिला. मी आल्या-गेल्याला तो दाखवून सरांची चेष्टा करायची. ते ऐकून घ्यायचे. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

सरांचं आणखी एक वेड म्हणजे एक फोल्डर. नाव होतं 'मुक्कामी'. ज्या गाठोड्यांची गाठ सुटली नाही, जी वाटेत फाटली, अर्धीच पोचली किंवा पाठवणाऱ्याचाच पत्ता लागला नाही, अशी सगळी त्यात. दुसऱ्या कुणी ती केव्हाच उडवली असती. सर जेवण झालं की एकेक काढून पुन्हा प्रयत्न करायचे. "हे वीस केबी हाय. ह्यात कुणाचं तरी काहीतरी हाय," म्हणायचे. "रिकामं असतं तर तीनच्या वर गेलं नसतं. नुसत्या गाठोड्याचं वजन तीन." हे तीन केबीचं गणित त्यांनी मला शिकवलं होतं. पुष्कळदा निळा प्रोग्राम सामान नसतानाही गाठोडं बांधतो. कुणी अक्षरं मोठी केली, रंगीत केली, की तेवढ्याचंही बांधतो. अशी तीन केबीची फाईल दिसली की समजायचं, आत काही नाही, मेलमध्ये जे वाचलं तेच आत आहे.

कुंभार पिंपळगावचे आमचे एक डीलर होते, आसारामजी. म्हातारे, बोलके, बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. ते वारले. त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांच्या दुकानाची मागणी विनमेल होऊन आली. मी सरांकडे नेली. त्यांनी वजन केलं, गाठ सोडली आणि पडद्याकडे पाहत म्हणाले, "आसारामजींनी पाठवलंय."

मी म्हटलं, "सर, आसारामजी गेले. आपण हार पाठवला होता."

"ते मला माहीत हाय. पण पाठवलंय त्यांनीच."

बाहेर रणरणतं ऊन होतं आणि माझे हात गार पडले. सरांनी खुर्ची सरकवून मला दाखवलं. गाठोड्यात सामानाबरोबर ते कुठल्या मशीनवर, कुणाच्या नावानं, कुठल्या कप्प्यातून बांधलं गेलं तेही लिहिलेलं राहतं. बांधणाऱ्याला ते दिसत नाही, सोडणाऱ्याला दिसतं. तिथं स्पष्ट आसाराम असं होतं. सरांनी दुकानात फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडे आसारामजींची सून होती.

"हो सर, मीच केली मेल," ती म्हणाली. "मामंजींच्याच नावानं चालू होतो कॉम्प्युटर. पोरं म्हणतेत बदल, बदल. मला हात होत न्हाई."

"मंग बदलू नका," सर म्हणाले. "बिलकुल बदलू नका. मी हिकडून सोडवून घेत जाईन."

त्यानंतर कुंभार पिंपळगावची प्रत्येक मागणी आसारामजींच्या नावानं येत राहिली आणि सर दर वेळी ती सोडवून मला देत राहिले. सेटिंग बदलायला त्यांनी फक्त त्या एकाच घराला कधी सांगितलं नाही.

सर एरवी आवाज चढवणारे नव्हते. मी त्यांना चिडलेलं एकदाच पाहिलं. आमच्या ऑफिसात एक रीत होती, अजूनही आहे. हंगामात दिवसाला शंभर-शंभर मेल येतात. कुणी काही पाठवलं की अटॅचमेंट न उघडताच उत्तर ठोकायचं, 'पाहिलं, ठीक आहे.' समोरच्याचं समाधान होतं, आपलंही होतं. गव्हाणे साहेब नवीन आलेले, तेही हे शिकले. एका डीलरनं खराब बियाण्याचे फोटो पाठवले होते. साहेबांनी 'पाहिलं, ठीक आहे' कळवलं आणि डीलर हादरून फोन करायला लागला, की बी कुजलंय आणि तुम्ही ठीक आहे कसं म्हणता. साहेब हसत हसत हा किस्सा कॉम्प्युटर रूमच्या दारात आम्हाला सांगत होते.

सर उठले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. "काय पाहिलं?" ते म्हणाले. "न्हाई, सांगा साहेब, काय पाहिलं तुम्ही? उघडलं होतं का? न उघडता पाहिलं कसं म्हणता? समोरचा माणूस तुमच्या त्या एका शब्दावर काय करून बसंल, काही ठाव हाय का?"

साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे, पण शेवटी साहेब.  सरांनी डावा हात उजव्या हातानं धरून ठेवला होता. मग ते बसले आणि कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी कुठल्याच फाईलीचं वजन केलं नाही.

कारण मला कळलं त्या दिवाळीत. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आमचं ऑफिस उघडतं, गहू-हरभऱ्याचा हंगाम असतो. मी सकाळी लवकर पोचले तर सर आधीच येऊन बसलेले. प्रिंटरमधून एक कागद निघत होता. इंग्रजी मजकूर, परत आलेल्या मेलची सूचना, असा पत्ता अस्तित्वात नाही. त्यांनी तो एका फाईलीत लावला. त्या फाईलीत तसेच आणखी सात-आठ कागद होते.

"कुणाला पाठवता सर, नसलेल्या पत्त्यावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बदनापूरच्या ना?" हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी विचारलं, आणि मग सांगितलं.

"माझी बहीण हाय. वनिता. धाकटी. तुमच्या बदनापुरात एका शाळेच्या ऑफिसात होती. खोली घेऊन राहायची. आई-बाप न्हाईत, मंग जे काय इचारायचं ते मलाच. फोनवर बोलाया लागली की तिला रडू यायचं, म्हणून मेल करायची, शाळेच्या मेलवरून. एक दिवस तिची मेल आली. ऐन जूनमधी, पेरण्या चालू, मी शंभर मेल उपसून राह्यलो होतो. दोनच ओळी होत्या. 'दादा, तोंडानं सांगायचं जमत नाही म्हणून सगळं लिहून सोबत जोडलं आहे. वाच. तू हो म्हणालास तरच करीन.' अन् खाली विनमेल डॉट डॅट."

 मागच्या भिंतीतून कोठीची घरघर येत होती.

"मीच नोटीस लावल्ती. उघडू नका, व्हायरस. मला वाटलं, काय असंल, बदलीचं असंल, शिकायचं असंल. मी लिहिलं, 'पाहिलं. तुझ्या मनासारखं कर.' आठव्या दिवशी ती सकाळच्या गाडीत बसली. स्टेशनवर लोकांनी पाहिलं तिला. कुठं उतरली ते कुणी पाहिलं न्हाई."

पोलीस झाले, नातेवाईक झाले. खोली आवरलेली होती. शाळेनं तिचा कॉम्प्युटर पुसून नव्या माणसाला दिला आणि तिचा पत्ताही बंद केला. सरांच्या बाजूलाही काही उरलं नव्हतं. तेव्हा आमच्याकडे मेलबॉक्स लहान होते म्हणून नियम होता, शनिवारी सगळ्या मेल छापून फाईलला लावायच्या आणि उडवून टाकायच्या. सरांनी तीही छापली, लावली आणि उडवली. त्याच वर्षी त्यांचा कॉम्प्युटर बदलला, जुना भंगारात गेला. भंगारवाल्याकडेही ते जाऊन आले होते.

खिशातल्या पाकिटातून त्यांनी तो छापील कागद काढून दाखवला. घड्यांवर फाटत आलेला. दोन ओळी आणि खाली फक्त नाव, विनमेल डॉट डॅट.

"कागदावर नाव छापलं जातं, मॅडम. वजन छापलं जात न्हाई. वजन तरी कळाया पाहिजे होतं. मी कशाला हो म्हणलो, तेवढंच मला ठाव न्हाई. लग्नाला हो म्हणलो, का घर सोडायला हो म्हणलो, का अजून कशाला."

 मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेले आणि पॅन्ट्रीत उभी राहून रडले. परत आले तेव्हा ते एका डीलरला फोनवर साधा मजकूर कसा करायचा ते सांगत होते.

पुढे सर निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, नारळ दिला, शाल दिली. भिंतीवरची नोटीस मी काढू दिली नाही. आता ती राखायचं काम माझ्याकडे आलं होतं.

वर्षभरानं कंपनीनं सगळी यंत्रणा बदलायचं ठरवलं. अर्चना नावाची एक तंत्रज्ञ बाई प्रत्येक कॉम्प्युटर तपासत फिरत होती. एका सकाळी तिचा मला वजनकाट्याच्या केबिनमधून फोन आला. आमच्या फाटकाशी ट्रक तोलायचा काटा आहे, त्याची ती केबिन.

"मॅडम, हितला डबा फार जुना हाय. नुसते गाडीचे वजनं घेऊन राह्यलेत त्याच्यावर. पण आत एक मेलचा प्रोग्राम पडून हाय. टाकळकर म्हणून कुणी होते का? उडवू का सगळं?"

मी धावतच गेले. धुळीनं भरलेलं ते मशीन, त्याच्यावर ड्रायव्हरांच्या चहाच्या कपांचे गोल डाग. भंगारात गेला म्हणून लिहिलं होतं तो सरांचा कॉम्प्युटर फाटकावर येऊन बसला होता. सर बारा वर्षं रोज त्याच्या शेजारून स्कूटर घेऊन आत आले होते.

"मेल तर उडवलेल्या आहेत ना?" मी विचारलं.

"वरून उडवलेल्या दिसतात," अर्चना म्हणाली. "पण ह्या जुन्या प्रोग्रामात उडवलं तरी आत तसंच राहतं. मुद्दाम साफ करावं लागतं. ते कुणी केलंच न्हाई. सगळं हाय आत, कुठं गेलं न्हाई."

मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "हात लावू देऊ नका कुणाला. मी जल्दी येतो."

जुन्या जालन्यातून ते वीस मिनिटांत पोचले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. अर्चनानं जुन्या मेल वर काढल्या. यादी सरकत सरकत त्या जूनपर्यंत आली आणि वनिता टाकळकर हे नाव दिसलं. नावापुढे पिन. म्हणजे अटॅचमेंट होती.

सरांनी डोळे मिटले आणि डावा हात बाहेर काढला. तळहात वर केला, बोटं वाकवली. मी त्या हाताकडे पाहत होते. तो हलला नाही. बराच वेळ झाला तरी हलला नाही.

"आकडा वाचा, मॅडम," ते म्हणाले.

मी वाचला. वाचतानाच मला कळलं, कारण ते गणित त्यांनीच मला शिकवलं होतं. "तीन केबी, सर."

बाहेर काट्यावर ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, लावला, गाठ सोडली. आत त्याच दोन ओळी होत्या. अक्षरं जरा मोठी, आणि 'दादा' हा शब्द जांभळ्या रंगात. त्या रंगासाठी निळ्यानं गाठोडं बांधलं होतं. बाकी काही नव्हतं.

"जोडायचं इसरली," सर म्हणाले.

अर्चनाला काही ठाऊक नव्हतं, ती म्हणाली, "होतं सर असं, सगळ्यांचंच होतं."

"हो ना," सर म्हणाले. "मी उघडलं असतं तर मला दिसलं असतं. मंग मी फक्त इचारलं असतं, अगं, सोबत काही आलं न्हाई. बस. एवढंच इचारायचं होतं. तिनं परत पाठवलं असतं."

इतकी वर्षं ते त्या फाईलीत काय होतं ते शोधत होते, आणि तिच्यात काही नव्हतंच. मला वाटलं, न सापडली असती तर बरं झालं असतं. मी अर्चनाला बाहेर घेऊन गेले. काचेतून पाहिलं तर सर आपला फोन काढून एकेक अक्षर दाबत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला आत बोलावलं आणि फोन दाखवला. त्या बंद पत्त्यावर त्यांनी लिहिलं होतं: 'वनिता, सोबत काही आलं नाही. परत पाठव. दादा.' मेल गेलेली होती.

"दोन मिनिटांत परत येती," ते म्हणाले. "दर भाऊबीजेला येती."

आम्ही दोघं उभे राहिलो. दोन मिनिटं झाली. पाच झाली. दोन ट्रक काट्यावर चढून उतरले. तिसरा चढला. फोन गप्प होता.

अर्चना आत आली, फोन पाहून म्हणाली की आजकाल असं होतं, काही सर्व्हर पत्ता नसला तरी कळवत नाहीत, शाळेनं मेलची कंपनी बदलली असेल. ते खरंही असेल. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि निघून गेले. दर शनिवारी मात्र मला त्यांचा फोन यायचा. बाकी काही बोलायचे नाहीत. "मॅडम, परत न्हाई आली," एवढंच सांगून ठेवून द्यायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदनापूर स्टेशनवर. थंडीचे दिवस होते, सकाळचं कोवळं ऊन रुळांवर आलं होतं. मी नेहमीच्या गाडीला पोचले तर प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर सर. दाढी वाढलेली, मफलर गुंडाळलेला. हातात फोन.

"सर, इथं कुठं?"

"बसलो, सहज. ती ह्याच गाडीत बसल्ती." मग जरा सरकून त्यांनी मला जागा दिली. आवाज नेहमीचाच होता, कॉम्प्युटर रूममधला. "तिचा मेलचा डबा उघडा हाय, मॅडम. मेल परत येत न्हाई म्हणजे डबा उघडा हाय. आता ती पाठवील तवा किती केबी असंल, ते बघून राह्यलो."

 मी म्हटलं, "तुम्हीच सांगा सर. तुमचं कधी चुकलंय?"

"अजून हाताला काही लागत न्हाई," ते म्हणाले.

गाडी आली. मी चढले आणि दारातच उभी राहिले. सरांनी फोन शेजारी बाकावर पालथा ठेवला. डावा हात गुडघ्याबाहेर काढला, तळहात वर केला, बोटं वाकवली. समोर कुणी नव्हतं. प्लॅटफॉर्मचं ते टोक मोकळं होतं. गाडी हलली.

आणि मी पाहिलं. त्यांचा हात एकदम खाली गेला, कुणीतरी त्यावर काहीतरी ठेवावं तसा. सरांनी दुसरा हात घाईनं त्याच्याखाली लावला.